डोंगल कुणाच्या खिशात?

नांदेडहून परभणीकडे निघालेली पॅसेंजर लिंबगाव मागे टाकून चुडाव्याला थांबते. मग पूर्णा जंक्शन, पुढे परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर. निजामाच्या राजवटीत घातलेल्या या लोहमार्गावर चुडावा हे अगदी लहान स्टेशन. पूर्णा तालुक्यातलं गाव, आजूबाजूला सोयाबीन, कापूस, हळद, जिथं पाणी आहे तिथं ऊस. गावाच्या नावानं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचं इथं येणंजाणं असतं.

अशा गावाचं आणि कॉम्प्युटरचं नातं आता किती खोलवर गेलंय, हे बाहेरून कळत नाही. ग्रामपंचायतीचा निधी कॉम्प्युटरवरून निघतो. जन्म-मृत्यूची नोंद, घरकुलाची यादी, नमुना आठचा उतारा, सगळं तिथूनच. ठाण्यात फिर्याद लिहिली जाते ती सीसीटीएनएस या पोलिसांच्या प्रणालीवर. सातबारावर सही होते ती तलाठ्याच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) डिजिटल सहीनं. अतिवृष्टीचं अनुदान मिळणार की नाही, हे तहसीलच्या कुठल्या तरी स्क्रीनवर ठरतं आणि शेतकऱ्याच्या हाती येतो तो फक्त एक व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक. तो घेऊन त्यानं सेवा केंद्रात जायचं, अंगठा द्यायचा आणि वाट बघायची. ज्या माणसानं आयुष्यात कधी माऊस हातात धरला नाही, त्याचं घर, शेत आणि पैसा आज पासवर्डाच्या आधारावर आहे.

या कॉम्प्युटरांना धोका कुणाचा, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो दूर कुठे तरी अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर. तो खोटा नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, त्यातली मोठी रक्कम अनेक देशांतल्या एटीएममधून काढली गेली. नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून जानेवारी २०२१ मध्ये चौदा कोटींवर रक्कम परस्पर वळवली गेली, तेव्हा या भागात बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. पण चुडाव्यावरून जाणाऱ्या याच लोहमार्गावरची गेल्या काही वर्षांतली प्रकरणं एकापुढे एक मांडली, तर वेगळंच दिसतं. कुलूप फोडलेलं नाही. किल्लीनं उघडलंय. आणि किल्ली ज्याच्या हाती होती, तो कार्यालयातच बसत होता.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका कंत्राटी संगणक परिचालकाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. वय २३, पगार महिना १३ हजार रुपये. संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये त्यानं वळवले, असा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. बातम्यांत गाजली ती महागडी मोटार, प्रशस्त फ्लॅट आणि हिरे जडवलेला चष्मा. वाचणाऱ्यांना गंमत वाटली. मला मात्र त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते, कारण तिची चर्चा फारशी झालीच नाही.

पोलिसांच्या तपासात पुढे आलेला घटनाक्रम असा. संकुलाचं जुनं लेटरहेड वापरून बँकेला पत्र गेलं, की आमच्या खात्याशी जोडलेला ई-मेल पत्ता बदला. नवा पत्ता जुन्यासारखाच होता, फरक फक्त एका अक्षराचा. बँकेनं तो बदलला. मग त्याच पत्त्यावरून नेट बँकिंगची मागणी झाली आणि ओटीपी तिकडे येऊ लागले. १ जुलै ते ७ डिसेंबर २०२४ या काळात पैसे तेरा खात्यांमध्ये गेले. यात हॅकिंग म्हणावं असं काहीच नाही. लेटरहेड कुठे ठेवलेलं असतं, बँकेशी पत्रव्यवहार कोण करतं, पत्राची भाषा कशी असते, साहेब खातं किती दिवसांनी बघतात, ही माहिती ज्याला होती त्याला पासवर्ड फोडायची गरजच नव्हती.

आता हिशेबाच्या अंगानं बघा. जुलैचा खातेउतारा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेतून स्वतः आणून कुणी रोकडवहीशी ताळा घातला असता, तर काय झालं असतं? नुकसान एका महिन्याचं राहिलं असतं. ताळा घालणं हे कॉम्प्युटरच्या आधीपासूनचं काम आहे. खेड्यातल्या विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिवसुद्धा ते जाणतो. पण कॉम्प्युटर आला आणि अनेक कार्यालयांनी धरून चाललं, की आता ताळा आपोआप बसतो. बँकेकडूनही एक साधा फोन, जुन्या नोंदलेल्या नंबरवर, गेला असता तर तो पत्ता बदलला नसता. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण पाच महिने एवढ्या मोठ्या खात्याकडे कुणी डोळे उघडून पाहिलं नाही, ही गोष्ट निकालाची वाट पाहत नाही.

संभाजीनगरहून चुडाव्याकडे यायला लागलं की जालना लागतं. त्या जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी आणि इतर नैसर्गिक आपत्तींच्या अनुदानात सुमारे पंचवीस कोटींचा अपहार झाल्याचं चौकशीत पुढे आलं. २०२५ मध्ये तलाठी आणि इतर कर्मचारी निलंबित झाले, ऑगस्टमध्ये अंबडला गुन्हा नोंदला गेला. ज्यांच्या नावावर शेत नाही त्यांची नावं यादीत, कुठे एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा, कुठे क्षेत्र फुगवलेलं. आणि या याद्या मंजूर झाल्या त्या तहसीलदारांच्या लॉगिनमधून, जे लॉगिन वापरत होते दुसरेच, असा मुख्य आरोप आहे.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे प्रकरण आतून लागतं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथं जो पाऊस झाला, त्यानं उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, काही ठिकाणी जमिनीच खरवडून गेल्या. ज्याचं असं झालंय तो महिनोन्महिने सेवा केंद्राच्या पायऱ्या चढतो, "साईट चालत नाही, उद्या या" ऐकून परत जातो. आणि त्याच योजनेतला पैसा ज्याला गुंठाभरही रान नाही त्याच्या खात्यात पडलेला असतो. कॉम्प्युटरची सुरक्षा हा विषय त्या माणसाच्या दृष्टीनं अभियंत्यांचा उरत नाही.

पण तहसीलदारांचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती जातंच कसं? याचं उत्तर बेपर्वाई एवढंच दिलं तर ते अपुरं आहे. एका तहसीलदाराच्या नावावर किती पोर्टल असतात ते मोजून पाहा. आपत्तीच्या पंचनाम्यांचं, दाखल्यांचं, रेशनचं, संजय गांधी निराधार योजनेचं, निवडणुकीच्या मतदारयादीचं, फेरफारावर देखरेखीचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येकाचा ओटीपी वेगळा. वरून आदेश येतो की आठवड्याच्या आत याद्या भरा. दिवसा सर्व्हर संथ, म्हणून काम चालतं रात्री. साहेब त्या वेळी पुराच्या पाण्यात कुठल्या तरी गावात उभे असतात, किंवा मंत्र्यांच्या दौऱ्यात. मग फोन येतो, "साहेब, ओटीपी आला का?" साहेब सहा आकडे सांगतात. पहिल्यांदा सांगताना थोडं चुकल्यासारखं वाटतं. विसाव्यांदा काही वाटत नाही. पुढे एक दिवस पासवर्डच टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवला जातो, कारण सगळ्यांची सोय होते.

त्या चिठ्ठीनं दोन गोष्टी एकदम घडतात. ज्याला चोरी करायची आहे त्याला साहेबांचं नाव पांघरता येतं. आणि ज्यानं प्रामाणिकपणे रात्रभर बसून याद्या भरल्या, त्याच्याकडे उद्या आपण निर्दोष आहोत हे सांगायला काहीच पुरावा राहत नाही. सर्व्हरच्या नोंदीत एकच नाव आहे, कॉम्प्युटर एकच आहे, पासवर्ड पाच जणांना माहीत आहे. चौकशी समिती आली की पहिला संशय कुणावर जातो? सर्वांत कमी पगाराच्या, कंत्राटी, ज्याच्यामागे संघटना नाही अशा माणसावर. तो खरा चोर असेलही, नसेलही. पण सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं. म्हणून स्वतंत्र लॉगिन ही कर्मचाऱ्यावर ठेवलेली पाळत आहे, असं मला वाटत नाही. ते त्याचं संरक्षण आहे. हा लेख लिहिण्यामागचं माझं मुख्य कारणही हेच.

ग्रामपंचायतीत ही गोष्ट डोंगलपाशी येऊन थांबते. पेनड्राइव्हएवढी वस्तू, तिच्यात डिजिटल सही. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या प्रणालींतून खर्च होतो. तिथं व्यवस्था अशी केलीय की एकानं बिल तयार करायचं आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं. ग्रामसेवकाचं एक डोंगल, सरपंचाचं दुसरं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नाही. कागदावर ही रचना उत्तम आहे. जुन्या बँकांत तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. त्याच विचारावर हे बेतलंय.

प्रत्यक्षात काय होतं? चुडाव्याच्याच कार्यालयात असं चालतं, असा माझा दावा नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये असतात, हे ग्रामविकासाच्या कामाशी ज्याचा संबंध आलाय असा कुणीही सांगेल. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो, म्हणून ते डोंगल परिचालकाकडे ठेवून जातात. सरपंचांना पिन नंबर कधी सांगितलेलाच नसतो. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या बाईंच्या नावाचं डोंगल त्यांच्या यजमानांच्या खिशात, नाहीतर गावच्या पुढाऱ्याकडे, आणि बाईंना आपली सही कुठल्या बिलावर झाली याची वार्ताही नसते. उद्या वसुलीची नोटीस निघते ती मात्र बाईंच्या नावानं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार डिजिटल सही ज्याच्या नावावर, त्यानं ती स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घ्यायची असते. आणि दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा त्याच कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ही दोन वाक्यं सरपंचांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला सांगायला हवीत. नव्या सरपंच बाईंना डोंगल हाती देताना ते लावायचं कसं, पिन बदलायचा कसा आणि मंजूर करण्याआधी बिल वाचायचं कसं, हे त्यांच्याच हातानं करून घेतलं, तर अर्ध्या तासाचं काम आहे.

गावपातळीवरचं एक लॉगिन सैल सुटलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीचं. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या गावात २०२५ च्या अखेरीस, तीन महिन्यांत सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी झाल्याचं आढळलं. विलंबानं झालेल्या नोंदी तपासायची मोहीम निघाली म्हणून ते उघड झालं. लॉगिन ग्रामपंचायतीचं, नोंदी करणारे हात दूरचे. इथं घरचा माणूस चोर होता की फसवला गेला होता, हे तपास ठरवेल. पण सत्तावीस हजार नोंदी होईपर्यंत तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला एकही धोक्याची सूचना गेली नाही. दीड हजार वस्तीच्या गावात एका दिवसात शंभर जन्म नोंदले गेले तर कॉम्प्युटरनंच हात वर करायला हवा होता. एवढी अट प्रोग्रॅममध्ये घालणं अवघड नाही. ती घातली गेली नाही, कारण प्रणाली बांधणाऱ्यांनी बाहेरच्या चोराचा विचार केला आणि आतल्या लॉगिनवर डोळे झाकून भरवसा ठेवला.

घरभेदी म्हटलं की आपण खालच्या पायरीवरच्या माणसाकडे बघतो. ते चूक आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत, म्हणजे पीएमसीत, एका बांधकाम समूहाची थकीत कर्जं लपवण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी खाती दाखवली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, आणि सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची परवानगी होती. त्यात आरोपी झाले ते बँकेच्या माथ्यावर बसलेले लोक. नागपूर विभागात शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ प्रणालीत शेकडो अपात्र लोकांना आयडी दिले गेल्याचं प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये बाहेर आलं, तेव्हा अटक झालेल्यांत शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारीही होते. माणूस जितका वर, तितकी त्याची किल्ली मोठी, आणि तितकं त्याला विचारणारं कुणी नसतं.

या सगळ्यांचा थोरला नमुना मुंबईच्या फोर्टमधला, पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचा. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण कार्यालयीन कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्या एका शाखेत सापडतो. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश स्विफ्ट नावाच्या प्रणालीतून जायचे. बँकेचा रोजचा हिशेब वेगळ्या प्रणालीत, कोअर बँकिंगमध्ये. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. म्हणजे हमी बाहेर गेली तरी तिची नोंद हिशेबात झालीच पाहिजे, असं बंधन नव्हतं. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी अशा हमी वर्षानुवर्षं निघत राहिल्या, असं तपास यंत्रणांचं म्हणणं. संबंधित उपव्यवस्थापक त्या एकाच शाखेत सात वर्षांच्या आसपास राहिला. बदली झाली नाही. पासवर्ड बाहेरच्यांनाही वापरू दिले, असाही आरोप झाला.

आणि उघड कसं झालं? तो २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये कंपन्यांचे लोक नवी हमी मागायला आले, तेव्हा खुर्चीत बसलेल्या नव्या अधिकाऱ्यानं विचारलं, शंभर टक्के तारण कुठे आहे? ते म्हणाले, आतापर्यंत कधी लागलं नाही. नव्या माणसानं जुन्या नोंदी शोधल्या, त्या सापडेनात. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेनं ११,४०० कोटींचा आकडा शेअर बाजाराला कळवला, पुढे तो १३ हजार कोटींच्या पार गेला. एवढी मोठी यंत्रणा, लेखापरीक्षक, तपासनीस. आणि खरं बाहेर आलं ते एका माणसाच्या जागी दुसरा बसला म्हणून.

रिझर्व्ह बँकेनं यातून धडा घेतला. स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी एप्रिल २०१८ ची मुदत घातली. जुलै २०२१ मध्ये आणखी एक आदेश काढला, जो मला फार शहाणपणाचा वाटतो: संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीची रजा, तीही आधी न कळवता. रजेच्या काळात त्यांना कामाच्या प्रणालीत शिरता येणार नाही. खोटा हिशेब रोज सांभाळावा लागतो. सांभाळणारा दहा दिवस दूर गेला की तो हिशेब उघडा पडतो. आणि प्रामाणिक माणसाला मिळते ती हक्काची विश्रांती. सरकारी कार्यालयांना हा नियम का नसावा? "मी एक दिवस नसलो तर ऑफिस बंद पडतं" असं अभिमानानं सांगणारा कर्मचारी आपण सगळ्यांनी पाहिलाय. अशा माणसाला त्याच्या निष्ठेबद्दल धन्यवाद द्यावेत आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याचं काम आणखी एकाला शिकवायला घ्यावं.

कारण एकाच्याच हाती सगळं असलं तर पैशाची चोरी न होताही कार्यालय अडकून पडतं. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पालिकेवर ही वेळ आली. शहराचं मुख्य संगणकीय जाळं सांभाळणारा टेरी चाइल्ड्स हा अभियंता वरिष्ठांना पासवर्ड द्यायला तयार होईना. दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हते. त्याला अटक झाली, आणि शेवटी त्यानं ते पासवर्ड दिले तेही तुरुंगात भेटायला आलेल्या महापौरांच्याच हाती. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. आपलं जाळं इतरांच्या हाती गेलं तर बिघडेल, असं त्याचं म्हणणं होतं. कदाचित त्याला तसं मनापासून वाटतही असेल. पण शहराचं जाळं त्याचं नव्हतं, शहराचं होतं.

महाराष्ट्रात आतल्या माणसानं केलेल्या चोरीची मोठी चर्चा झाली ती २००५ मध्ये, पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या निमित्तानं. एम्फसिस कंपनीच्या तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांकडे वळवले. त्यानंतर अनेक कॉल सेंटरांत टेबलावर कागद-पेन ठेवायला बंदी आली, मोबाइल दाराशी जमा होऊ लागले. ग्राहकाचा आकडा कर्मचाऱ्याच्या कानावर पडूच नये, अशी व्यवस्थाही पुढे आली: पिन ग्राहकानं फोनच्या बटणांवर दाबायचा, तो थेट यंत्राकडे जातो. मला या दोन उपायांतला दुसरा जास्त आवडतो. पहिल्यात माणसाची झडती आहे. दुसऱ्यात त्याच्यासमोर मोह येऊच दिलेला नाही.

मोह समोर येऊ न देणं, हे धोरण म्हणून आपल्या कार्यालयांत कसं आणता येईल? त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर आधी लागत नाही. परिचालकाला माहिती भरायचा अधिकार हवा, मंजुरीचा नको, आणि त्यासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन हवं. साहेबांवर कामाचा डोंगर असेल तर मंजुरीचे काही अधिकार नायब तहसीलदारांना रीतसर, लेखी, प्रणालीतच द्यावेत, म्हणजे ओटीपी फोनवर सांगायची पाळी येणार नाही. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबायचं, पडदा बंद होतो; याला एक क्षण लागतो. अडचण आली की दूरचा इंजिनिअर एनीडेस्कवरून कॉम्प्युटर ताब्यात घेतो, काम झालं की ते बंद झालं का हे बघायचं. बदली, निवृत्ती किंवा कंत्राट संपणं, यांपैकी काहीही झालं की कार्यमुक्तीच्या आदेशासोबतच लॉगिन, डोंगल आणि बँकेतला नोंदलेला मोबाइल नंबर बंद झालाच पाहिजे. खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या आणि दप्तर यांचा कार्यभार आपण सही घेऊन सोपवतो. त्या यादीत पासवर्ड अजून आलेला नाही. आणि खात्याशी जोडलेला नंबर कुणा व्यक्तीचा न ठेवता कार्यालयाचा ठेवावा.

नोंदींचंही तसंच. कोण, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून आत आलं, हे जवळपास प्रत्येक प्रणाली लिहून ठेवते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, आणि सायबर घटना घडली की कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. नोंदी जपल्या जातात. वाचतं कोण? रात्री दोन वाजता मंजूर झालेल्या याद्या, सुट्टीच्या दिवशी बदललेला ई-मेल पत्ता, एकाच बँक खात्यावर जाणारी दहा शेतकऱ्यांची अनुदानं: एवढ्या तीन गोष्टी महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी पाहिल्या, तरी अनेक प्रकरणं लाखातच थांबतील, कोटींपर्यंत जाणार नाहीत.

सातबाराच्या बाबतीत महाराष्ट्रानं याचा काही विचार केलाय, हे सांगायलाच हवं. ई-फेरफारमध्ये तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, दोघांच्या डिजिटल सह्या वेगळ्या. आत शिरताना बोटाच्या ठशाचीही सोय केली गेली. ठसा फोनवरून सांगता येत नाही. तरीही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, म्हणजे नोंदीतल्या लेखनाच्या चुका सुधारण्यासाठी दिलेल्या अधिकाराखाली, भलतेच बदल झाल्याच्या तक्रारी पुणे जिल्ह्यात आल्या आणि चौकशा लागल्या. ज्या दारातून चूक दुरुस्त करायची, त्याच दारातून नवी चूक आत आली. दुरुस्तीच्या अधिकारावर पहारा जास्त कडक हवा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर जी गोष्ट उरते ती पगाराची. तिला मी शेवटी ढकललं, कारण ती चोरीचं समर्थन म्हणून वाचली जाऊ नये. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींत संगणक परिचालक काम करताहेत. कित्येक वर्षं त्यांचं मानधन महिना सात हजारांच्या आत होतं, आणि तेही महिनोन्महिने थकायचं. मुंबईच्या आझाद मैदानावर ते किती वेळा येऊन बसले. कर्जमाफीचे अर्ज त्यांनी भरले, घरकुलांच्या याद्या त्यांनी भरल्या, रात्री जागून. यातले हजारो जण एक पैसा इकडचा तिकडे न करता काम करत आले आहेत, आणि त्यांची बातमी कधी झाली नाही. ज्याच्या बोटांखालून कोट्यवधी जातात त्याला आपण गावच्या कारभारातला हक्काचा माणूससुद्धा मानत नाही. त्याला वेळेवर पगार, नेमणुकीचं पत्र, स्वतःचं लॉगिन आणि "हे मी करणार नाही, साहेब, हे तुमचं डोंगल आहे" असं म्हणायची मुभा, एवढं तरी द्यायला हवं. शेवटची मुभा फार महत्त्वाची. साहेबांना नकार दिल्यावर कंत्राटी माणसाची नोकरी जात असेल, तर कुठलाही पासवर्ड सुरक्षित राहणार नाही.

आणि चुडाव्यासारख्या गावातल्या माणसानं काय करावं? ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा खर्च सर्वांना बघता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. कुणाला, किती, कशासाठी पैसे गेले ते दिसतं. गावातली बारावीची कुठलीही मुलगी ते मोबाइलवर दहा मिनिटांत काढून वडिलांना वाचून दाखवू शकते. बँकेच्या खात्यातून परस्पर पैसे गेले तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते. अनुदानाची यादी चावडीवर लावा, असा आग्रह धरता येतो. अंबड-घनसावंगीसारख्या यादीत कुणाचं शेत नाही, हे तालुक्याच्या सर्व्हरला कळत नाही. गावाला लगेच कळतं.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथं रस्ता, पाणी, घरकुल यांच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारता येईल: सरपंचांचं डोंगल कुणाकडे आहे, आणि मागच्या बिलाला मंजुरी देताना पिन कुणी टाकला? उत्तर सरपंचांनी स्वतः द्यावं, उभं राहून, आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावं.